वैज्ञानिकाची सरकारी नोकरी: जाहिरात येण्याआधी काय करायचे, अर्ज कुठे चुकतो

वैज्ञानिक पदासाठी अर्ज करणारी बरीच मुले परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत. छाननीतच नाव कटते. पदवीवरचा विषय जाहिरातीशी जुळत नाही, जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यात असतो, अनुभवाच्या पत्रावर तारखाच नसतात. हुशारीशी याचा काही संबंध नाही. चिमूर किंवा धारणीच्या पोरांना हे सांगणारे कोणी जवळ नसते, म्हणून ही माहिती थोडी खोलात जाऊन दिली आहे.

पदवीवर नेमके काय लिहिले आहे?

पहिले काम म्हणजे एम.एस्सी.ची गुणपत्रिका आणि पदवी समोर ठेवून विषयाचे नाव अक्षर न अक्षर वाचणे. सरकारी भरतीत ‘जवळपास तोच विषय’ चालत नाही. जाहिरातीत ‘रसायनशास्त्र’ असेल आणि तुमच्या पदवीवर ‘पर्यावरणशास्त्र’ असेल, तर दोन वर्षे प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले असले तरी अर्ज बाद होतो. काही पदव्यांवर फक्त ‘मास्टर ऑफ सायन्स’ एवढेच छापलेले असते आणि विषय गुणपत्रिकेत असतो. तसे असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचे, विद्यापीठाच्या लेटरहेडवर विषय स्पष्ट लिहिलेले पत्र आताच घेऊन ठेवा. श्रेणी पद्धत असेल तर सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर कसे करतात याचेही पत्र परीक्षा विभागाकडून घ्या. अर्जात स्वतःच्या मनाने दहाने गुणलेली टक्केवारी टाकली आणि विद्यापीठाचे सूत्र वेगळे निघाले, की ती चुकीची माहिती धरली जाते.

विषय ठरला की वाट बरीचशी आपोआप ठरते.

भूशास्त्र, भूभौतिकी किंवा रसायनशास्त्र असेल तर यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा सगळ्यांत आधी बघा. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक, भूभौतिकतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ, तर केंद्रीय भूजल मंडळात ‘सायंटिस्ट बी’ (वैज्ञानिकाचे सुरुवातीचे पद) अशी गट अ पदे भरतात. जाहिरात बहुधा सप्टेंबरात येते, पूर्व परीक्षा फेब्रुवारीत आणि मुख्य जूनमध्ये होते. पूर्व परीक्षा ४०० गुणांची: सामान्य अध्ययन १०० आणि विषय ३००. मुख्य परीक्षेत २०० गुणांचे तीन पेपर, नंतर मुलाखत २०० गुणांची. पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. मुख्य परीक्षेची उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी विषयाच्या अभ्यासासोबत रोज एक पान इंग्रजीत हाताने लिहायची सवय लावावी. विषय येतो पण तीन तासांत लिहून होत नाही, ही अडचण फार जणांची आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेलेही या परीक्षेचा अर्ज भरू शकतात.

कृषीची पदव्युत्तर पदवी असेल, म्हणजे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, मृदशास्त्र, वनस्पती प्रजनन असे काही केले असेल, तर वाट एएसआरबीची, म्हणजे कृषी वैज्ञानिक निवड मंडळाची. या मंडळाच्या परीक्षेतून भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांसाठी एआरएस (कृषी संशोधन सेवा) वैज्ञानिक निवडतात. कोणत्या शाखेसाठी कोणती पदवी चालते याचा तक्ता जाहिरातीसोबत असतो. तो तक्ता न पाहता शाखा निवडणे ही इथली सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. कृषी विज्ञान केंद्रातल्या विषयविशेषज्ञ पदाकडेही कमी लेखून पाहू नका. आपल्या जिल्ह्यातल्या केंद्रात राहून कास्तकारांच्या बांधावर काम करायचे असेल तर ते पद वैज्ञानिकाइतकेच मोलाचे आहे.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांच्यासाठी गेट परीक्षा मोठा दरवाजा आहे. डीआरडीओ (संरक्षण संशोधन व विकास संघटना) मधील ‘सायंटिस्ट बी’, भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणार्थी वैज्ञानिक भरती, रसायनवाल्यांसाठी भारतीय मानक ब्युरो, अशा ठिकाणी गेटचा गुणांक चालतो. गेटचे अर्ज बहुधा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत होते आणि गुणांक तीन वर्षे धरला जातो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना शुल्क निम्मे आहे.

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांच्यासाठी थेट वैज्ञानिक पदाच्या जागा तुलनेने कमी निघतात. इथे सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळवायची, पीएच.डी. करायची आणि मग वैज्ञानिक पदाकडे जायचे, ही वाट जास्त खरी आहे. जेआरएफचे विद्यावेतन महिन्याला ३७,००० रुपये अधिक घरभाडे आहे. घरून पैसे मागण्याची वेळ येत नाही.

फक्त बी.एस्सी. झालेल्यांना ‘वैज्ञानिक’ नावाची पदे क्वचितच खुली असतात. पण सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत तांत्रिक सहायक, राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत वैज्ञानिक सहायक अशी पदे निघतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

वयाचे गणित

सगळे दरवाजे एकाच दिवशी बंद होत नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण भरतीत खुल्या प्रवर्गाला २६ वर्षांची मर्यादा आहे आणि पदवीत किमान ६० टक्के लागतात. जिओ-सायंटिस्ट आणि एआरएससाठी ३२ वर्षे. सीएसआयआरच्या नियमित वैज्ञानिक पदालाही साधारण ३२, पण तिथे एम.टेक. किंवा पीएच.डी. हवी असते. म्हणून २३ व्या वर्षी एम.एस्सी. झालेल्या मुलाने आधी लवकर बंद होणाऱ्या दरवाजाकडे जावे. ३२ ची मर्यादा असलेली परीक्षा नंतरही देता येते.

इतर मागासवर्गाला तीन वर्षे, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षे सूट मिळते. मात्र पद त्या प्रवर्गासाठी राखीव असेल तरच. जागा खुली असेल आणि तुम्ही तिथे अर्ज करत असाल तर वयाची सूट धरून चालू नका. जाहिरातीतल्या जागांच्या तक्त्यात आपल्या रकान्याखाली शून्य आहे का, हे आधी बघा.

नागपूर शहरात काय काय आहे

दिल्ली-बंगळूरकडे डोळे लावून बसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की संशोधन संस्थांच्या बाबतीत नागपूर श्रीमंत आहे. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्र कार्यालय, केंद्रीय भूजल मंडळाचे क्षेत्रीय कार्यालय, प्रादेशिक हवामान केंद्र, वाडीतले अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र, राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, सगळे एकाच शहरात. वर्ध्याला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. अमरावतीला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे.

या संस्थांत नियमित वैज्ञानिकाची भरती दर वर्षी होईलच असे नाही. प्रकल्पावरची कंत्राटी पदे मात्र बरेचदा निघतात: प्रोजेक्ट असोसिएट, ज्युनिअर रिसर्च फेलो, यंग प्रोफेशनल. यांच्या जाहिराती पेपरात फारशा येत नाहीत. संस्थेच्या संकेतस्थळावर दहा-पंधरा दिवस आधी टाकतात आणि थेट मुलाखतीला बोलावतात. म्हणून आपल्या विषयाच्या सहा-सात संस्था निवडा, त्यांची भरतीची पाने मोबाईलवर जतन करा आणि दर सोमवारी आणि गुरुवारी उघडून बघा. केंद्राच्या मोठ्या जाहिरातींसाठी दर आठवड्याचा ‘रोजगार समाचार’ पुरेसा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जाहिरात खरी की खोटी हे पाहायचे असेल तर संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन त्याच क्रमांकाची जाहिरात शोधा. सरकारी पत्ते सहसा ‘गव्ह डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’ किंवा ‘रेस डॉट इन’ने संपतात. नेमणूक देण्यासाठी अनामत, प्रशिक्षण फी किंवा गणवेशाचे पैसे कोणी मागितले तर तो फसवणारा आहे. वावर गहाण ठेवून असे पैसे देणारी घरे विदर्भात आहेत, म्हणून हे आवर्जून लिहिले.

प्रकल्पाचे पद कायम होत नाही आणि त्यावरून कायम होण्याचा हक्कही सांगता येत नाही. तरी ते घ्यावे. उपकरण हाताळायला मिळते, शोधनिबंधात नाव येते, पुढच्या भरतीत मोजता येईल असा अनुभव जमा होतो.

दाखले: इथेच सगळ्यांत जास्त वेळ द्या

केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तहसीलमधून मिळालेला मराठीतला जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर राज्याच्या कामाचा. केंद्राचा नमुना इंग्रजीत असतो आणि त्यात जात केंद्राच्या यादीत आहे असा उल्लेख असतो. सेतू केंद्रात अर्ज देताना ‘केंद्र शासनाच्या सेवेसाठी’ असे स्पष्ट सांगा. शक्य असल्यास जाहिरातीसोबत आलेला कोरा नमुना छापून सोबत न्या, कारण तिथल्या माणसालाही दर वेळी नेमका नमुना माहीत असतोच असे नाही.

राज्याचे आणि केंद्राचे प्रवर्ग सारखे नाहीत. बंजारा, धनगर, वंजारी राज्यात भटक्या-विमुक्तांत मोडतात, पण केंद्रात त्यांना इतर मागासवर्ग म्हणून अर्ज करायचा असतो. केंद्राच्या अर्जात भटक्या जमातींचा रकानाच नसतो, आणि तो न दिसल्याने काही मुले सरळ ‘खुला’ निवडतात. कुणबी, तेली, माळी केंद्राच्या यादीतही इतर मागासवर्गातच आहेत. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) दाखला केंद्राच्या भरतीत चालत नाही. गोंड, कोलाम, परधान, माडिया यांच्यासाठी अनुसूचित जमात हाच प्रवर्ग दोन्हीकडे आहे.

नॉन-क्रिमिलेअरची आठ लाखांची मर्यादा ऐकून काही जण आधीच माघार घेतात. केंद्राच्या नियमानुसार त्या आठ लाखांत आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. आईवडील वर्ग एक किंवा दोनचे अधिकारी आहेत का, ओलिताची जमीन मर्यादेपेक्षा जास्त आहे का, हे वेगळे तपासतात. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत आणि घरी कोरडवाहू कापूस आहे, एवढ्यावरून तुम्ही क्रिमिलेअर ठरत नाही.

आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचे नियम याच्या उलट आहेत. त्यात शेतीचे उत्पन्नही धरतात आणि कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर दाखला मिळतच नाही, मग ती जमीन कितीही हलकी असो. पाच एकर म्हणजे सातबाऱ्यावर साधारण २ हेक्टर २ आर. सातबारा काकांसोबत सामायिक असेल तर आपल्या कुटुंबाचा हिस्सा किती, हे तलाठ्याकडून आधी स्पष्ट करून घ्या. हा दाखला एका आर्थिक वर्षापुरता असतो. मार्च उलटला की नवा काढावा लागतो. जाहिरात एप्रिल-मेमध्ये आली की याच कारणाने धावपळ होते.

जातीचा मूळ दाखलाच नसेल तर जुना पुरावा शोधायला महिने जाऊ शकतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना अधिकार अभिलेख यांत ती सापडते. एमपीएससीमार्फत किंवा राज्याच्या प्रयोगशाळांत जायचे असेल तर जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. ते पदवीला असतानाच काढून ठेवलेले बरे.

नावाकडेही बघा. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर नाव आधी. हा क्रमाचा फरक सहसा निभावतो. ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ हा फरक निभावत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव प्रमाण मानून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवावे आणि अर्जात पदवीवरचेच नाव लिहावे.

जाहिरात हातात आल्यावर

जाहिरात दोनदा वाचा. पहिल्या वाचनात तीनच गोष्टी शोधा: अत्यावश्यक अर्हता, पात्रता कोणत्या तारखेला मोजणार, आणि अनुभव केव्हापासून धरणार. पात्रतेची तारीख बहुधा अर्जाची शेवटची तारीख असते. त्या दिवसापर्यंत निकाल जाहीर झालेला हवा. परीक्षा देऊन झाली पण विद्यापीठाने निकाल लांबवला, तर ‘निकाल प्रतीक्षेत’ चालेल असे जाहिरातीत लिहिले असेल तरच अर्ज भरा. अनुभव बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवीनंतरचाच धरतात. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी केलेले सहा महिने अनुभव म्हणून लिहू नका.

अनुभवाच्या पत्रावर पद, पूर्णवेळ की अर्धवेळ, दिवस-महिना-वर्षासह सुरुवात आणि शेवट, महिन्याचे मानधन आणि केलेले काम, एवढे सगळे लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी हवे. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढेच लिहिलेले पत्र छाननीत शून्य मोजले जाऊ शकते. यूपीएससीच्या थेट भरतीत अनुभवाचा ठरलेला नमुना असतो, तोच वापरा. प्रकल्प संपून प्रमुख शास्त्रज्ञ बदलून गेले की असे पत्र मिळवणे कठीण होते, म्हणून काम सोडण्याच्या आठवड्यातच घ्या.

आधीच सरकारी नोकरीत असाल, अगदी तलाठी किंवा शिक्षक असलात तरी, कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका.

फॉर्म भरताना

ईमेल आणि मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याने काढलेल्या ईमेलवर हॉल तिकीट येते, पासवर्ड त्याच्याकडे असतो आणि परीक्षेची तारीख निघून जाते, हे वारंवार घडते. तोच नंबर भरती संपेपर्यंत चालू ठेवा. निकाल लागायला वर्ष-दीड वर्षही जाते, आणि तोवर रिचार्जविना सिम बंद पडलेले असते.

सगळी मूळ कागदपत्रे एकदाच, नीट, स्कॅनरवर काढून घ्या. मोबाईलने तिरकस काढलेला, कडा कापलेला फोटो नको. प्रत्येक भरतीत फाइलचा आकार केबीत ठरवून दिलेला असतो. मूळ स्वच्छ स्कॅन जवळ असला की लहान करता येतो, अस्पष्ट फाइल मात्र मोठी करून सुधारत नाही. केंद्राच्या भरतीत प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आता सहसा लागत नाही, स्वतःची सही पुरते. फोटो अलीकडचा हवा आणि परीक्षेच्या दिवशी दाढी, चष्मा तसाच ठेवा.

शेवटच्या तीन दिवसांत फॉर्म भरू नका. संकेतस्थळ अडते, गावात लाइन जाते, आणि पैसे कापले गेले तरी शुल्काची पावती निघत नाही. पैसे कापले पण अर्जाची स्थिती ‘अपूर्ण’ दिसत असेल तर लगेच पुन्हा पैसे भरायची घाई करू नका. एक-दोन दिवस स्थिती तपासा, तेवढा अवधी मिळावा म्हणूनच आधी भरायचे. भरलेल्या अर्जाची पीडीएफ ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा आणि एक छापील प्रत घरी ठेवा. सीएसआयआरच्या काही प्रयोगशाळा ऑनलाइन अर्जानंतर सहीची छापील प्रत टपालानेही मागतात. ती स्पीड पोस्टानेच पाठवा, तालुक्याच्या टपाल कार्यालयातून, आणि पावती जपून ठेवा.

मुलाखतीला काय विचारतात

थेट मुलाखतीला सकाळी नोंदणीची वेळ ठरलेली असते आणि ती उलटली की आत घेत नाहीत. एटापल्ली किंवा मेळघाटातून येणाऱ्याने आदल्या रात्रीच नागपूर गाठावे. सोबत मूळ कागदपत्रे, प्रतींचा एक संच, जाहिरातीतल्या नमुन्यात भरलेला बायोडेटा आणि एम.एस्सी.चा प्रबंध.

प्रश्न जवळपास नेहमी तुमच्या प्रबंधापासून सुरू होतात. जे उपकरण वापरले असे लिहिले त्याचे तत्त्व, प्रमाण वक्र कसा काढला, कोरा नमुना (ब्लँक) का घेतला, चूक कुठे येऊ शकते, हे आलेच पाहिजे. जे हाताळले नाही ते बायोडेटात लिहू नका.

आपल्या भागाचा अभ्यास इथे फार कामाला येतो. भूजलासाठी जात असाल तर यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांतले फ्लोराइड, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, पिण्याच्या पाण्याच्या मानकातली फ्लोराइडची १.० ते १.५ आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा तोंडपाठ हवी. कापूस संस्थेत गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला का दाद देत नाही, याचे उत्तर जनुकांच्या भाषेत देता आले पाहिजे. भूवैज्ञानिक पदाला लोणार, दख्खनचा बेसाल्ट, भंडाऱ्याचे मँगनीज, वर्धा खोऱ्यातला कोळसा हे सुटू नये. मराठीत बोलू का असे विचारायला लाजू नका, पण तांत्रिक शब्द इंग्रजीत पक्के ठेवा. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, सर’ किंवा ‘मॅडम’ एवढे सरळ सांगितलेले समितीला चालते. रेटून चुकीचे बोललेले चालत नाही.

नाव यादीत नसेल तर

अनेक संस्था छाननीची यादी कारणासह लावतात आणि हरकतीसाठी थोडे दिवस देतात. तो काळ अगदी लहान असतो, म्हणून अर्ज केल्यावरही संकेतस्थळ बघत राहा. हरकत अर्ध्या पानाची लिहा: अर्ज क्रमांक, बाद करण्याचे दिलेले कारण, जाहिरातीतला संबंधित मुद्दा आणि तो पूर्ण करणारा तुमचा कागद. अर्जासोबत आधी न जोडलेला नवा कागद सहसा विचारात घेत नाहीत. कारणच दिले नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात स्वतःचे गुण, आपल्या प्रवर्गाचा कट-ऑफ आणि छाननीचे निकष मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. पुढच्या जाहिरातीपूर्वी त्यातले जे दुरुस्त करता येण्यासारखे असेल, म्हणजे विषयाचे पत्र, दाखल्याचा नमुना, अनुभवाच्या तारखा, ते त्याच महिन्यात करून घ्या.